खलनायकाला दिलेले डोळे

"तुम्ही कुठे नोकरीला होता?" असं कुणी विचारलं की मी सांगते, पुस्तकं वाचायला. समोरचा हसतो. "ते झालं हो, पण नोकरी?" तीच नोकरी, असं म्हटलं की तो माझ्याकडे फुकट जेवण मिळालेल्या माणसाकडे बघावं तसं बघतो. माझ्या सख्ख्या जावेनं तर वीस वर्षं असंच धरलं होतं की मी ग्रंथालयात बसून वेळ मिळेल तेव्हा वाचते, आणि वेळ मला भरपूर मिळतो.

सव्वीस वर्षं मी दृष्टिहीन माणसांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचली आणि ती ध्वनिमुद्रित झाली. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, शेवटी फोनवर. क्रांती चौकापासून पाच मिनिटांवर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय होतं, आणि त्यातल्या सगळ्यात आतल्या खोलीत आमचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली कोठी. मध्ये काच, काचेपलीकडे यंत्रावर आमचे हबीबभाई. पंखा लावायचा नाही, कारण त्याचा आवाज येतो. मे महिन्यात या गावात पंखा बंद करून गाद्यांच्या खोलीत बसून हिमालयातल्या बर्फाचं वर्णन वाचलेली बाई मी. माझ्या कपाळावरून धारा लागलेल्या, आणि आवाजात मात्र थंडीची हुडहुडी. त्याला कला म्हणतात, पण ते जावेला कोण सांगणार.

बाहेरच्यांना वाटतं, वाचता येतं म्हणजे वाचता येतं. तसं नसतं. पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून वाक्य संपायच्या आधीच पानाचा कोपरा बोटावर घ्यावा लागतो. हातात बांगड्या चालत नाहीत. रिकाम्या पोटी वाचायला बसलं की पोट गुरगुरतं आणि ते माइकला माणसाच्या आधी ऐकू जातं. "क्या जी ताई, पेट में शेर बैठा क्या? फिरसे लेव," असं हबीबभाई काचेपलीकडून म्हणायचे. म्हणून सकाळी पोहे. भजी खाल्ली तर घसा खरखरतो, म्हणून भजी फक्त शनिवारी, काम संपल्यावर.

आणि मोर्चे! शहरातला प्रत्येक मोर्चा क्रांती चौकातून जाणार हे ठरलेलं. एका ऐतिहासिक कादंबरीत राणीसाहेब गडाचा निरोप घेत होत्या आणि खालून घोषणा आली, "नहीं चलेगी, नहीं चलेगी!" आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही आणि तसंच पुढे गेलं. महिन्याभरानं एका श्रोत्याचं पत्र आलं, राणीसाहेब निघाल्या तेव्हा रयतेनं विरोध केला तो प्रसंग फार परिणामकारक झाला आहे.

आमच्याकडे हौशी वाचकही यायचे. एक निवृत्त वकील होते, त्यांना वाचता वाचता मत देण्याची खोड. नायक कोर्टात भाषण करत असला की हे मध्येच म्हणायचे, "असं होत नसतं बरं का, न्यायाधीश थांबवतील." हबीबभाई नंतर तासभर बसून वकीलसाहेबांना कापायचे. एक नवी नवरी होती, छान आवाजाची. तिनं एका कादंबरीतलं अख्खं दीड पान गाळून नुसतं वाचलं, "मग ते दोघं बराच वेळ बोलले." मी तिला समोर बसवून चांगलं झापलं. म्हटलं, बाई गं, डोळसाला जे छापून मिळतं ते यांना तसंच्या तसं मिळालं पाहिजे. त्यात कमी करणारी तू कोण आणि मी कोण? लेखक चुकला असेल तर त्याची चूकसुद्धा वाचायची. हे भाषण मी प्रत्येक नव्या वाचकाला देत असे आणि देताना माझा चेहरा फार गंभीर असे.

आता माझ्या अभिमानाची गोष्ट. माझे खलनायक गाजलेले होते. सज्जन माणूस वाचणं सोपं असतं, सरळ वाचत सुटायचं. मजा दुष्ट माणसाची. जुन्या कादंबऱ्यांतल्या दुष्टांच्या अंगात काही ना काही व्यंग असायचंच. कुणी काणा, कुणी लंगडा, कुणाच्या पाठीवर कुबड, कुणाच्या हाताला सहावं बोट. लेखकाला वेळ कमी असायचा बहुतेक. माणूस कसा वाईट झाला हे सांगण्यापेक्षा त्याचा एक डोळा काढून घेणं सोपं. मीही त्याप्रमाणे आवाज ठरवून टाकले होते. काण्याला घोगरा, लंगड्याला तुटक, मध्ये श्वास घेणारा, कुबड्याला बसका. नुसतं "तो खुरडत आत आला" असं वाक्य आलं तरी माझा आवाज आपोआप खाली जायचा.

आमचा एक श्रोता होता कचरूभाऊ. वाळूजच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर, राहायला बजाजनगरात, जन्मापासून दृष्टिहीन आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा. रहस्यकथांचा शौकीन. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन यायचा.

"ताई, खुनी त्यो लंगडा मुनीमच हाय ना?"

"अहो, पुस्तक कालच नेलंत. कितवं पान झालं?"

"पंधरावं. पण तुमचा आवाज खाली गेला की वो. आन् लेखकानं त्याला लंगडा कशाला केला असंल उगंच? बाकीचे सगळे धड, ह्यो एकलाच लंगडा. म्हंजे ह्योच."

दर वेळी बरोबर. मी चिडायचे, हबीबभाई हसून लोळायचे. एकदा असाच फोन झाला आणि ठेवता ठेवता कचरूभाऊ म्हणाला, "एक बगा ताई, पुस्तकात आपली मंडळी एक तर भीक मागती नायतर सुरा खुपसती. टायमावर ड्युटीला जाणारा आंधळा एकबी नाय." आणि नेहमीसारखा गडगडाटी हसला.

तो हसला, पण मला हसू आलं नाही. वीस वर्षं मी या माणसांना त्यांचंच भूत करून ऐकवत आले होते, आणि वर त्यासाठी खास आवाज लावत होते. मला अगदी मनापासून लाज वाटली. लाज वाटली की माणसानं चहा घ्यावा, जरा फिरून यावं. मी नको ते केलं.

त्याच आठवड्यात एक फार जुनी कादंबरी वाचायला घेतली होती. नाव सांगत नाही, लेखक बिचारा कधीच गेला. तिच्यात घाटातल्या मठात राहणारा एक गोसावी आहे, टोळीचा म्होरक्या, श्रीमंतांची मुलं पळवणारा, आणि तो आंधळा आहे. त्याच्या बुबुळांची वर्णनं वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. कुठे सोललेल्या अंड्यासारखी, कुठे पांढऱ्या किड्यांसारखी. माझ्या डोळ्यांसमोर कचरूभाऊ आला, अंधशाळेतली पोरं आली. आणि मी ते वाक्य वगळून पुढचं वाचलं. पुढे परत आलं, परत वगळलं. अशी अकरा वाक्यं होती. अकराही गेली आणि आंधळा गोसावी चांगला धडधाकट डोळस होऊन बसला.

हबीबभाई पुस्तक समोर ठेवून ऐकत नसत, ते यंत्रावरच्या, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुया बघत. तरी ते म्हणाले, "ताई, आज पन्ना जल्दी खतम हो रा तुम्हारा."

"पानं चिकटलीत," मी म्हटलं.

ते परत सुयांकडे वळले. घरी जाताना मला चक्क बरं वाटत होतं, काहीतरी पुण्याचं काम केल्यासारखं.

चार वर्षांनी आमच्याकडे वंदना आली. दौलताबादची. किल्ल्याच्या पायथ्याशी तिच्या वडिलांचा पेरूचा गाडा. मुलगी जन्मतः दृष्टिहीन, मराठी घेऊन एम.ए. करणारी, आणि ऐकायची घाई इतकी की माझं वाचन दुप्पट वेगानं लावायची. इतकी वर्षं कमावलेला माझा आवाज तिच्या फोनमधून खारीसारखा चिरकायचा. "टाइम कुटं हाय ताई," म्हणायची, "तुमी लई निवांत वाचता."

तिला शेवटच्या वर्षाचा लघुप्रबंध लिहायचा होता. विषय तिनं स्वतः निवडला होता: जुन्या मराठी कादंबऱ्यांतले खलनायक आणि त्यांचं अपंगत्व. दहा कादंबऱ्यांची यादी घेऊन ती आली. मी यादी वाचली. नववं नाव माझ्या गोसाव्याचं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ती पिशवीतून पेरू काढून आम्हाला देत होती, हबीबभाई मीठ आणायला उठले होते, आणि मी स्वतःशी म्हटलं, बघू, एवढ्या दहांत एक गेली तर काय बिघडतं.

महिन्याभरानं ती आली ती नाचतच. "ताई, सापडला! दहा पुस्तकं ऐकली, नऊ ठिकाणी काणे, लंगडे, थोटे. पण एक लेखक असा निघाला बगा, की त्याचा गोसावी लई हरामखोर हाय आन् तरी धडधाकट हाय! शंबर वर्षांमागं एका तरी माणसाला कळलं होतं की वाईट व्हायला डोळे जावे लागत नायत. माझं शेवटचं प्रकरण मी त्याच्यावरच लिहिणार."

तिचा चेहरा इतका फुलला होता की काय सांगू. मी पेरू खात होते. तरी मी गप्प बसले. या एका गप्प बसण्याची मला त्या अकरा वाक्यांपेक्षा जास्त शरम वाटते.

प्रबंध द्यायला दहा दिवस उरले असताना तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना. तिच्या मार्गदर्शक सरांनी शेवटचं प्रकरण वाचलं होतं. ती कादंबरी त्यांनी विद्यार्थी असताना वाचलेली. वर्गासमोर ते तिला म्हणाले, "वंदना, तू पुस्तक वाचलेलंच नाहीस. ऐकीव माहितीवर प्रकरण लिहिलंस. असा प्रबंध मी पुढे पाठवणार नाही." आंधळ्या मुलीला ऐकीव म्हणाले! तिचं वर्ष तर जाणारच होतं, पण त्याहून मोठं म्हणजे ती खोटी ठरली होती.

"ताई, पुस्तक काढा आन् मला आत्ता वाचून सांगा. गोसावी आंधळा हाय का नाय?"

मी म्हटलं, पाच मिनिटांनी फोन करते. हबीबभाईंना आता सगळं सांगितलं. त्यांनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाले, "बोल दो ताई, फाईल खराब हो गई थी. मशीन पे डालो. मशीन कू कायकी शरम." माणूस माझ्यासाठी आपल्या लाडक्या यंत्राला बदनाम करायला तयार झाला होता. खोटं कशाला बोलू, मोह झाला. फाईल खराब म्हटलं असतं तर मीही सुटले असते आणि तीही सरांपुढे सुटली असती.

पण मग ती पुढची वीस-तीस वर्षं माझ्या आवाजावर विसंबून पुस्तकं ऐकत राहिली असती. आणि तिला बिचारीला पडताळून बघायचा दुसरा मार्ग नव्हता. माझं तोंड हेच तिचं पुस्तक. मी फोन लावला आणि सांगून टाकलं. गोसावी आंधळा आहे. मी गाळलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गाळलं.

तिनं विचारलं, "किती वाक्यं?"

"अकरा."

"याच पुस्तकात?"

"याच एका."

"ते मी कसं मानू, ताई?"

ती चिडली होती आणि तिनं ते लपवलं नाही. "आंधळा माणूस वाईट असतो हे ऐकून मी काय रडत बसले असते व्हय? माझा सख्खा चुलता डोळस हाय, तरी लई बेकार माणूस हाय. मला ठाऊक हाय की वाईट कोण असतं. तुमी कोण ठरवणार, मी काय ऐकावं?"

नव्या नवरीला दिलेलं माझंच भाषण होतं ते, फक्त जास्त चांगल्या मराठीत.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन तिच्या महाविद्यालयात गेले. सरांना म्हटलं, या मुलीनं पुस्तक अक्षर न् अक्षर वाचलंय, मीच अर्धवट दिलं. सर चांगले गृहस्थ, ओशाळले. त्यांनी वर्गात तिची माफी मागितली आणि आणखी आठ दिवसांची मुदत दिली. मी माफी मागितली तेव्हा मात्र वंदना एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी पोहे खाऊन या. मी स्टुडिओत येते."

ती हबीबभाईंच्या शेजारी काचेपलीकडे बसली. मी पहिलं गाळलेलं वाक्य वाचलं, घाबरत, हळूच, दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसं. तिनं हबीबभाईंचा माइक ओढून घेतला. "असं नाय ताई. त्या लंगड्या मुनीमाला जसं वाचलं होतं तसं वाचा. गोसाव्यावर अन्याय नको."

मग मी वाचलं. सोललेली अंडी, पांढरे किडे, सगळं. जरा वेळानं काचेपलीकडे गडबड ऐकू आली. बघते तर पोरगी पोट धरून हसत होती. लेखकानं गोसाव्याला घाटातल्या जंगलातून धावत नेलं होतं आणि पळालेल्या मुलाला नुसत्या वासावरून झाडामागून ओढून काढायला लावलं होतं. "ताई, ह्यो आंधळा नाय, ह्यो कुत्रा हाय! मला हॉस्टेलात माजी चप्पल सापडत नाय आन् ह्यो जंगलात पळतोय!" हबीबभाईही हसायला लागले. त्या दिवशी आमचं निम्मं ध्वनिमुद्रण हसण्यानं वाया गेलं.

अकरा वाक्यं वाचून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, तुमी हे सगळं काढलं होतं तरी मला गोष्ट कळली. कुटंच अडलं नाय."

"नाही अडलं."

"म्हंजे त्याच्या आंधळेपणाला गोष्टीत कामच नव्हतं. फक्त वाचणाऱ्याला भ्या दाखवायला ठेवला होता." आणि तिथंच तिनं फोनमध्ये बोलून टिपण करायला सुरुवात केली. शेवटचं प्रकरण तिनं आठ दिवसांत नव्यानं लिहिलं. दहाही कादंबऱ्यांतली अशी वाक्यं काढून बघायची, गोष्ट चालते का अडते ते तपासायचं. नऊ ठिकाणी चालली. दहाव्या कादंबरीत मात्र एका लंगड्या सावकाराचा पाय खरोखर कथेच्या कामाचा निघाला, त्याबद्दल तिनं त्या लेखकाचं कौतुकही केलं. सर म्हणाले, ही पद्धत तुला सुचली कशी? तिनं सांगितलं, अपघातानं.

हे सगळं मी कचरूभाऊच्या कानावर घातलं. तो खवळेल असं वाटलं होतं. तर म्हणतो, "ताई, वाटोळं केलं की माजं! गोसावी आपल्यातला हाय हे कळलं असतं तर किती मजा आली असती. अख्ख्या टोळीचा म्होरक्या! आपल्याला तर शाळेत कुणी मॉनिटरबी केलं नाय."

वंदना पहिल्या वर्गात पास झाली. पेढ्यांऐवजी पेरू आले. आता ती स्वतः एका महाविद्यालयात शिकवते. माझ्या आवाजातलं पुस्तक घेतलं की तिची वहिनी मधलंच कुठलं तरी पान काढून माझ्या वाचनाशी ताडून बघते. हे वंदनानंच मला सांगितलं, आडपडदा न ठेवता. लागलं मला ते. पण तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

निवृत्तीच्या आधीचं माझं शेवटचं ध्वनिमुद्रण तिच्या प्रबंधाचं होतं. इतर दृष्टिहीन विद्यार्थ्यांना तो ऐकता यावा म्हणून ग्रंथालयानं ठरवलं, आणि वाचायला मीच हवी असं तिनं कळवलं. ती काचेपलीकडे येऊन बसली. प्रस्तावनेचं तिसरं पान उलटलं आणि मी थबकले. तिथं माझ्याबद्दल होतं. नाव नव्हतं, पण मीच होते. मी घसा साफ केला आणि वाचलं:

"कादंबरीकारानं लोकांना भीती वाटावी म्हणून खलनायकाला आंधळं केलं, आणि आमच्या वाचकबाईंनी त्याला डोळस केलं. आंधळ्या वाचकाला दोघांनीही विचारलं नाही."

काचेपलीकडून टकटक झाली. हबीबभाई यंत्राकडे बघत बसले होते. माइक वंदनाच्या हातात होता.

"ताई, परत घ्या. 'आमच्यावर दया करून' खाल्लंत."

मी प्रबंधात पाहिलं. होतं. ठळक छापलेलं होतं. मी पाणी प्यायले, हबीबभाईंना हात केला, आणि वाक्य पहिल्यापासून घेतलं.